चढावर मोटरहोमचं इंजिन खडखडत होतं : माझा अनुभव

अमेरिकेत डेन्व्हरहून आय-70 महामार्गाने आयझेनहॉवर बोगद्याकडे चढताना आमच्या व्ही-10 पेट्रोल मोटरहोममधून (राहायची सोय असलेल्या गाडीतून) डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज यायचा. सपाटीवर काही नाही, पाय दाबला की सुरू.

एअर फिल्टर बदलला, इंजेक्टर क्लीनर ओतला, प्लगही नवे टाकले. सुट्टीचे दोन दिवस गॅरेजात गेले, आवाज तसाच.

कारण पंपावर होतं. कोलोरॅडोत ‘रेग्युलर’चं बटण बहुधा 85 ऑक्टेनचं असतं (ऑक्टेनचा आकडा कमी पडला, की दाबाखाली पेट्रोल अवेळी पेटून असा आवाज येऊ शकतो), आमच्या मॅन्युअलमध्ये किमान 87 लिहिलंय. उंचावरच्या विरळ हवेत 85 चालतं हा कार्ब्युरेटरच्या जमान्यातला हिशेब. (भारतात ऑक्टेनचा आकडा आरओएन (रिसर्च ऑक्टेन नंबर) या पद्धतीने देतात. इथल्या पंपावरचा आकडा वेगळ्या पद्धतीचा. तिथलं 91 ते इथलं साधारण 87. मी नेमका इथेच गोंधळलो.)

मग असं केलं. 55 गॅलनच्या टाकीत 85 चं 15 गॅलन उरलं होतं. आधी इथल्या पंपावरचं 91 साडेसात गॅलन भरलं, म्हणजे मिश्रण जवळपास 87 झालं. नंतर उरलेली टाकी 87 ने भरली. पहिले वीसेक मैल सपाटीवर हळू चालवली, मग ओव्हरड्राइव्ह (सगळ्यात वरचा गिअर) बंद करून खालच्या गिअरमध्ये चढ घेतला. आवाज गेला. पुढच्या टाकीला नुसतं 87 टाकलं, तरी शांत. 91 ने टाकी भरायची गरज नाही, पैसे फुकट जातात.

बटणावरचं नाव नको, आकडा वाचा. 87 भरूनही खडखड राहिली, तर मात्र मेकॅनिककडे न्या.