रंगाखालची जुनी नावं : वेगवान कॅटमरॅनवर पहिल्यांदा रुजू होणाऱ्यांसाठी

कॅटमरॅन फेरीवर, म्हणजे दोन समांतर हल (बोटीची पाण्यात बसणारी अंगं) असलेल्या प्रवासी बोटीवर, थर्ड इंजिनिअर म्हणून साइन ऑन केलं तेव्हा माझी सहा वर्षं बल्क कॅरिअरवर (धान्य, कोळसा असा सुटा माल वाहणाऱ्या जहाजावर) गेली होती. तिथे एकच थोराड इंजिन, मिनिटाला शंभरएक फेरे आणि बंदरात निवांत मुक्काम. इथे चार इंजिनं, हजाराच्या घरात फेरे, दिवसाला चार खेपा आणि दोन खेपांच्या मध्ये जेमतेम पाऊण तास. नवा माणूस साहजिकच आधी वॉटरजेट (पाणी मागे फेकून बोट पुढे ढकलणारं यंत्र) आणि कंट्रोल पॅनलच्या मागे लागतो. मीही लागलो. बोटीचा सेवा-इतिहास आधी वाचायचा असतो, हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं.

डाव्या हलमधल्या एका रिकाम्या कप्प्याचा बिल्ज अलार्म (तळाशी पाणी साचल्याचा इशारा) वाजला. दोन तास मी समुद्राच्या पाण्याचे पाइप, व्हॉल्व्ह, फ्लँज चाचपत बसलो. सगळं कोरडं. चीफ इंजिनिअर खाली आले, फ्रेमचा (हलच्या आतल्या आडव्या फासळीचा) नंबर बघितला आणि काही न बोलता वर गेले. येताना ड्राय डॉकची, म्हणजे बोट पाण्याबाहेर काढून केलेल्या दुरुस्त्यांची, फुगलेली फाइल घेऊन आले. त्याच फ्रेमपाशी, त्याच वेल्डच्या टोकाला आधी दोनदा दुरुस्ती झाली होती. एकदा बोटीचं नाव एक होतं, एकदा दुसरं, मालकही वेगळे. आम्ही ती जागा घासली, लाल डाय लावला, थांबलो, पुसून काढला आणि वर पांढरा डेव्हलपर फवारला. बघता बघता त्या पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटली, बोटभर लांब. म्हणजे तडा. त्या दिवसाच्या उरलेल्या खेपा रद्द झाल्या आणि क्लासच्या (जहाजांची तपासणी करून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या) सर्व्हेअरला फोन गेला.

कारण साधं आहे. या बोटी हलक्या राहाव्यात म्हणून ॲल्युमिनिअमच्या असतात. ॲल्युमिनिअमला स्टीलसारखी थकव्याची ठरावीक मर्यादा नसते. लाटांचे लहान लहान धक्केसुद्धा वर्षानुवर्षं हिशेबात जमा होत राहतात. त्यात वेल्डच्या आजूबाजूचा पट्टा तापल्यामुळे मुळातच कमजोर झालेला असतो. त्यामुळे बोट किती वर्षांची आहे यापेक्षा ती कुठल्या पाण्यात, किती तास, किती वजन घेऊन पळाली हे जास्त महत्त्वाचं. उन्हाळ्यापुरती चालून हिवाळाभर धक्क्याला बांधलेली पंधरा वर्षांची बोट बारमाही पळणाऱ्या आठ वर्षांच्या बोटीपेक्षा ठणठणीत निघू शकते.

हा इतिहास शोधायचा कसा? नावावरून शोधू नका, नावं बदलतात. आमच्या बोटीच्या बाजूला तिरपं ऊन पडलं की रंगाखालून आधीच्या नावाच्या वेल्डच्या कडा दिसायच्या. गाड्यांच्या डेकवर मला न कळणाऱ्या भाषेतली सूचनाही तशीच राहिली होती. बदलत नाही तो 7 अंकी आयएमओ नंबर, म्हणजे जहाजाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक. पहिल्या 6 अंकांना ओळीने 7, 6, 5, 4, 3, 2 ने गुणून बेरीज करा. बेरजेचा शेवटचा अंक सातव्या अंकाशी जुळला पाहिजे. मग कंटिन्युअस सिनॉप्सिस रेकॉर्ड हा बोटीवर ठेवायचा इतिहासाचा कागद मागा. त्यात बोटीची नावं, झेंडे, मालक आणि क्लास यांची नोंद तारीखवार सापडते. मात्र तिला काय काय सोसावं लागलं हे त्यात नसतं. ते ड्राय डॉकच्या फाइलमध्ये आणि इंजिनाच्या रनिंग अवर्समध्ये.

कागदावरच्या वेगाने भुलू नका, हे मी प्रत्येक नव्या पोराला सांगतो. ऑस्ट्रेलियात, टास्मानियातल्या होबार्टला इनकॅट कंपनीने बांधलेल्या 74 मीटरच्या ‘हॉव्हरस्पीड ग्रेट ब्रिटन’ने जून 1990 मध्ये अटलांटिक 3 दिवस 7 तास 54 मिनिटांत ओलांडला आणि ‘युनायटेड स्टेट्स’ या जहाजाचा 1952 चा विक्रम मोडून सर्वांत वेगवान अटलांटिक प्रवासाची हेल्स ट्रॉफी मिळवली. विक्रम खराच, पण ती खेप गिऱ्हाइकांशिवाय, बोट ताब्यात देण्याच्या प्रवासातली. नंतर तिने इंग्लिश खाडीत प्रवासी आणि गाड्या वाहिल्या, पुढे नावं बदलत ग्रीसच्या बेटांकडे गेली. इनकॅटचीच 86 मीटरची एक कॅटमरॅन ‘जर्व्हिस बे’ नावाने 1999 ते 2001 ऑस्ट्रेलियन नौदलाने भाड्याने घेतली होती. डार्विन आणि पूर्व तिमोर यांच्यामध्ये तिने 107 खेपा केल्या. नौदलातून परतलेली अशी बोट तुमच्या वाट्याला आली, तर डेकवर कुठली वाहनं उभी राहायची, हे विचारायलाच हवं.

(कॅटमरॅन हा शब्द तमिळमधल्या ‘कट्टुमरम’चा, म्हणजे बांधलेली लाकडं. ॲल्युमिनिअमच्या बोटीला हे नाव चिकटलंय याची मला अजून गंमत वाटते.)

परवाना हाही इतिहासाचाच भाग. हायस्पीड क्राफ्ट कोड या वेगवान बोटींच्या आंतरराष्ट्रीय नियमांखाली प्रत्येक बोटीला परमिट टू ऑपरेट (चालवण्याचा परवाना) मिळतं आणि त्यात मार्ग, हवामान, लाटांची उंची यांच्या मर्यादा असतात. मार्ग बदलला की जुन्या मर्यादा आपोआप नव्या मार्गाला लागू होत नाहीत. नॉर्वेची ‘स्लाइप्नेर’ ही कॅटमरॅन 26 नोव्हेंबर 1999 च्या संध्याकाळी खडकावर आदळली आणि 16 जण गेले. बोट अगदी नवी होती, त्याच वर्षी सेवेत आलेली. इतिहास छोटा असला की माणसं तो वाचतच नाहीत, असं मला तेव्हापासून वाटतं.

टाइप रेटिंगचं, म्हणजे अशी बोट चालवणाऱ्याला लागणाऱ्या खास प्रमाणपत्राचं, थोडक्यात: ते त्या प्रकारच्या बोटीपुरतं असतं, मुदत दोन वर्षं, आणि तोंडी परीक्षेत परीक्षक हमखास आणीबाणीचं काहीतरी विचारतो. मला विचारलं, एक वॉटरजेट बंद पडला तर? पुस्तकी उत्तर दिलं. ‘या बोटीवर आधी कधी पडलाय?’ हा पुढचा प्रश्न. कुठला, कधी आणि कशाने, तिन्ही मला सांगता आलं. फाइल तोवर दोनदा वाचून झाली होती.

मी साइन ऑफ केलं त्याच महिन्यात बोट विकली गेली. नव्या मालकाच्या माणसाने चाव्या, पासवर्ड आणि स्पेअरची यादी मागितली. ड्राय डॉकची फाइल त्याने मागितली नव्हती. मी ती आपणहून टेबलावर ठेवली, त्या फ्रेमच्या पानाला पिवळी चिठ्ठी चिकटवून.