करारात नाव नसलेला माणूस भाड्याच्या घरात राहत असेल तर

घरमालक असाल, तर आधी लीव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायला देण्याचा) करार काढा. राहणाऱ्यांची नावं आणि ‘जागा दुसऱ्याला देऊ नये’ हे कलम बघा. पंधरा दिवस मुक्कामाला आलेली आत्या म्हणजे पोटभाडेकरू नव्हे. पण लायसन्सधारक (करारानुसार ज्याला जागा दिली तो) कॉटमागे पैसे घेत असेल, तर गेटवरच्या रजिस्टरमधल्या नोंदी गोळा करा आणि वकिलामार्फत स्पीड पोस्टाने नोटीस द्या. पोचपावती फाइलला लावा.

कुलूप मात्र बदलू नका. पाणी-वीज तोडायला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम २९ आड येतं. जबरदस्तीने बाहेर काढलेला भाडेकरू सहा महिन्यांत दावा लावून ताबा परत मागू शकतो.

मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करा. मुदत संपल्यापासून लायसन्स फीच्या (करारातल्या भाड्याच्या) दुप्पट नुकसानभरपाई लागू होते. राहणाऱ्याने समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्रासह बचाव करण्याची परवानगी मागायला हवी, नाहीतर बचावच उरत नाही.

बहुतेक मालक अडकतात ते वेगळ्याच ठिकाणी: करार नोंदवलेलाच नसतो. मग कलम ५५ प्रमाणे, उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत राहणाऱ्याचंच म्हणणं ग्राह्य धरतात.