दान आलेलं दप्तर हाती घेताना

एखाद्या घरानं किंवा बंद पडलेल्या संस्थेनं दिलेलं जुन्या कागदांचं खोकं अभिलेखागारात, म्हणजे असे कागद जपणाऱ्या संस्थेत, टेबलावर आलं की हात शिवशिवतात. सगळं उपसावं, नीट लावावं असं वाटतं. मी एकदा तसं केलंय. सुतळीनं बांधलेले पत्रांचे दोन गठ्ठे होते, दोन्हींत तारखा पुढेमागे. मी ते सोडले, एकत्र केले आणि दिवसभर खपून तारखेप्रमाणे चोख लावले. संध्याकाळी सुतळ्या गोळा करताना एकीत अडकलेली चिठ्ठी दिसली: 'उत्तर देणे बाकी'. उत्तर न दिलेली पत्रं त्या माणसानं वेगळी बांधली होती. ती कोणती, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

तेव्हा आधी नोंद. आवक नोंदवहीत संग्रहाला क्रमांक द्या. साल आणि त्या सालातला अनुक्रम पुरतो, जसं २०२४/०७. कुणी दिलं, कधी दिलं, किती खोकी, वरवर पाहता काय आहे, एवढं लिहा. त्याच दिवशी दानपत्रावर सही घ्या. 'नंतर बघू' म्हटलेली दानपत्रं पुढे वारसांच्या भांडणात सापडतात. दानपत्रात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: मालकी कायमची आली की कागद फक्त ठेवायला दिलेत, नको असलेले कागद परत करायचे की काढून टाकायचे, आणि काही कागद ठरावीक काळ बंद ठेवायचे आहेत का. कागदाची मालकी आणि मजकुराचा कॉपीराइट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरात सापडलेल्या पत्राचा कॉपीराइट सहसा ते लिहिणाऱ्याचा असतो, ज्याला आलं त्याचा नव्हे.

देणारी व्यक्ती समोर आहे तोवर तिला बोलतं करा. ट्रंक कुणाच्या खोलीत होती, फोटोतली माणसं कोण, मधली काही वर्षं गायब का, हे सांगणारं पुढे कुणी भेटेलच असं नाही.

मग खोकं, पण भांडारात, म्हणजे बाकीचे संग्रह असतात तिथे, नव्हे. नवा संग्रह आधी वेगळ्या खोलीत ठेवायचा. कसर, वाळवी, झुरळांची अंडी, बुरशी, यातलं काहीही सोबत येऊ शकतं. किडे असतील तर कागद पॉलिथिनच्या पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशांवर किमान आठवडाभर ठेवतात, आणि बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडत नाहीत, नाहीतर कागदावर दव धरतं. काचेच्या निगेटिव्हना हा उपाय करू नका. बुरशी थंडीनं मरत नाही, फक्त थांबते. असा कागद आधी कोरडा करावा लागतो आणि हाताळताना मास्क लागतोच. फिल्मला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर तिचं ॲसिटेट प्लास्टिक कुजू लागलंय, ती बाकीच्यांपासून दूर करा. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतची फिल्म नायट्रेटची असू शकते आणि ती झटकन पेट घेते. तिथे स्वतः प्रयोग करू नका, जाणकाराला बोलवा.

आता उघडा, पण लावू नका. प्रत्येक थराचा मोबाइलवर फोटो काढा. गठ्ठे कसे बांधलेत, पाकिटावर काय लिहिलंय, कोणत्या फाईलमध्ये काय खुपसलंय, ते टिपा. इथे दोन जुने नियम आहेत. एकाचे कागद दुसऱ्याच्या कागदांत मिसळायचे नाहीत; फ्रान्सच्या गृहखात्यानं १८४१ सालच्या परिपत्रकात हेच सांगितलं होतं. आणि मूळ मांडणी शक्यतो मोडायची नाही. चार घरांतून आलेले एकाच शाळेचे फोटो 'शाळा' नावाच्या एका पेटीत घालण्याचा मोह होतो. घालू नका. चारही संग्रह वेगळे राहू द्या, 'शाळा' हा शब्द सूचीत चारही ठिकाणी येऊ द्या.

मांडणी मुळातच नसेल, म्हणजे घर रिकामं करताना कुणीतरी खोऱ्यानं ओढून खोक्यात भरलं असेल, तर मात्र तुम्ही लावा: पत्रव्यवहार, हिशेब, रोजनिशी, फोटो असे ढोबळ गट. आणि ही मांडणी आपली आहे हे सूचीत लिहून ठेवा.

कागदांच्या साफसफाईत अतिरेक नको. गंजलेल्या टाचण्या, रबरबँड काढा, चिकटपट्टी सुटत नसेल तर तशीच राहू द्या. हात धुऊन कोरडे करा. जुना कागद हातमोज्यांनी उलट फाटतो, मोजे फोटो आणि निगेटिव्हसाठी. लिहायचं ते पेन्सिलीनं, फोल्डरवर. फोल्डर आणि पेट्या ॲसिडमुक्त असाव्यात. वर्तमानपत्रांची कात्रणं मात्र वेगळ्या फोल्डरमध्ये, कारण त्यांचं ॲसिड शेजारच्या कागदावर पिवळा डाग उमटवतं.

हा सगळा सोस प्रत्येक संग्रहाला परवडत नाही. मार्क ग्रीन आणि डेनिस मायस्नर या दोन अमेरिकी अभिलेखपालांनी २००५ साली हेच बजावलं: एकेक पिन काढत बसलात तर संग्रह वर्षानुवर्षं पडून राहतात आणि वाचकाला काहीच मिळत नाही. मला हे पटतं. सगळ्यांची पेटीनिहाय सूची आधी करावी, पत्रन् पत्र नोंदवण्याचं काम फक्त निवडक संग्रहांचं.

सूचीत किमान सहा गोष्टी हव्यात, अभिलेखांच्या नोंदींचं आंतरराष्ट्रीय मानकही याच मागतं: संदर्भ क्रमांक, शीर्षक, कागद निर्माण करणाऱ्याचं नाव, काळ, आकारमान आणि नोंद कोणत्या पातळीची आहे ते (संग्रह, फाईल की सुटा कागद). शीर्षक 'जुनी कागदपत्रे' असं नको; 'दुकानाच्या उधारीच्या वह्या' म्हटलं की वाचकाला कळतं. हयात माणसांची वैद्यकीय किंवा कोर्टाची कागदपत्रं दिसली तर ती सूचीवरून थेट मागवता येणार नाहीत अशी खूण करा.

शेवटी पेटीवर क्रमांक, आणि पेटी कोणत्या कपाटात, कोणत्या फळीवर आहे ते नोंदवहीत. मग या कामात नसलेल्या एखाद्याला सूची देऊन एक ठरावीक फाईल आणायला सांगा. त्यानं परत येऊन तुम्हालाच विचारलं, तर सूची पुन्हा लिहायला घ्या.