डिस्ने वर्ल्ड, सहा मोठी माणसं आणि बाथरूम किती?

फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डला आम्ही पहिल्यांदा 'मोठ्यांनीच' गेलो, तेव्हा हॉटेल मी निवडलं होतं. आम्ही दोघं, २५ वर्षांचा मुलगा, २१ वर्षांची मुलगी आणि खोली एकच. 'चार जणांसाठी' असं लिहिलेलं होतं आणि त्यात खोटं काही नव्हतं, चौघं झोपलो. पण सकाळी पावणेसातला एका बाथरूमच्या दाराशी तिघं टॉवेल खांद्यावर टाकून उभे, आत मुलीचा हेअर ड्रायर चालू, आणि मुलगा बाहेरून दर दोन मिनिटांनी "झालं का?" म्हणून विचारतोय. हॉटेलचा दोष नव्हता, माझाच होता. मी चार उशा मोजल्या, बाथरूम मोजायचं राहून गेलं.

पुढच्या खेपेला ताई आणि भावजीही यायचे ठरले, म्हणजे सहा जण. या वेळी वेबसाइट उघडायच्या आधी मी कागद घेऊन बसले. त्यावर हॉटेलांची नावं नव्हती. कोण किती वाजता परत येणार, एवढंच लिहिलं. ताईचा गुडघा दुपारी दोनला बोलायला लागतो. भावजींना पार्क तीन तास पुरतं, मग त्यांना तळ्याकाठची खुर्ची हवी असते. मुलं पार्क बंद होईपर्यंत हलत नाहीत. लहान मुलं असली की सगळं बिऱ्हाड एकदम निघतं आणि एकदम परततं. मोठ्यांचं तसं नसतं. म्हणून हॉटेल निवडताना माझा पहिला प्रश्न असतो: सगळ्यात आधी थकणारं माणूस तिथे एकटं, न चुकता पोचेल का?

डिस्नेच्या हॉटेलांच्या व्हॅल्यू, मॉडरेट आणि डिलक्स अशा पायऱ्या आहेत. लोक ही पायरी आधी ठरवतात. मी म्हणेन, नकाशा आधी बघा. पार्क चार आहेत: मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडम. बस जवळपास सगळीकडे जाते, पण कधी लगेच येते, कधी थांब्यावर ताटकळायला लावते. बसशिवाय दुसरं काय आहे, त्यावर खरा फरक पडतो.

काँटेम्पररी, पॉलिनेशियन आणि ग्रँड फ्लोरिडियन ही तिन्ही हॉटेलं मॅजिक किंगडमला जाणाऱ्या मोनोरेलवर आहेत. बोर्डवॉक, यॉट क्लब, बीच क्लब, स्वॉन आणि डॉल्फिन यांच्यापासून एपकॉटच्या मागच्या दाराशी चालत जाता येतं. हॉलिवूड स्टुडिओजलाही पायवाट आहे आणि बोटही. मोठ्यांसाठी हा पट्टा फार सोयीचा. संध्याकाळी एपकॉटमध्ये ११ देशांच्या मंडपांतून फिरावं, निवांत जेवावं, वाइन घ्यायची त्यांनी घ्यावी आणि गाडी, बस कशाचाही विचार न करता चालत खोलीवर यावं. स्वॉन आणि डॉल्फिन मॅरियटकडे आहेत. तिथे रिसॉर्ट फी आणि पार्किंगचे पैसे वेगळे पडतात, तेवढे हिशोबात धरा.

खिसा आखडता असेल तर २०१९ मध्ये सुरू झालेली स्कायलायनर बघा. या हवाई पाळण्यांवर पॉप सेंच्युरी, आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन, कॅरिबियन बीच आणि रिव्हिएरा आहेत. पाळणा एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओजला नेतो. पॉप सेंच्युरी तर व्हॅल्यूतलं, म्हणजे कमी पैशांत मोठी सोय. मात्र विजा चमकायला लागल्या की पाळणे थांबवतात आणि फ्लोरिडात उन्हाळ्यातल्या दुपारी विजांना तोटा नसतो.

आता खोली. पॉप सेंच्युरीच्या बऱ्याच खोल्यांत एक पलंग कायमचा आणि दुसरा भिंतीतून खाली ओढायचा. तो ओढला की टेबल त्याच्याखाली जातं. म्हणजे एकाला रात्री साडेनऊला झोपायचं असेल, तर दुसऱ्याला चहाचा कप घेऊन बसायला जागा उरत नाही. दोघांसाठी ती खोली छान. चार मोठ्यांसाठी मी पुन्हा घेणार नाही. त्यापेक्षा दोन खोल्या घ्याव्यात.

पैशांचा एक बारकावा घरच्यांच्या लक्षात येत नाही. साध्या हॉटेल-खोलीत दोघांपुढच्या प्रत्येक प्रौढाचे रात्रीमागे जादा पैसे लागतात आणि अठरा पूर्ण झालेली पोरं इथे प्रौढच. त्यामुळे 'एका खोलीत भागवू' ही काटकसर वाटते तेवढी होत नाही. वर साडेबारा टक्क्यांच्या आसपास कर असतो. तुलना करायची तर नेहमी शेवटच्या, करासकट आकड्याची करा.

सहा जणांसाठी मी दोन गणितं मांडली: व्हॅल्यूच्या तीन खोल्या, किंवा दोन बेडरूमची एक व्हिला, म्हणजे हॉटेलातलाच फ्लॅट. पहिलं स्वस्त होतं. दुसऱ्यात स्वयंपाकघर, कपडे धुवायचं आणि वाळवायचं मशीन आणि बसायला हॉल होता. शेवटी हॉलसाठी मी व्हिलाकडे झुकले. रात्री सगळ्यांनी पाय वर करून गप्पा मारायला जागा नसेल, तर एकत्र सुट्टी घेतली कशाला? आणि स्वयंपाकघर म्हणजे काही तिथे पोळ्या लाटायच्या नसतात. ताईला सकाळी उकळलेला चहा मिळाला, एवढंच. साध्या खोलीतल्या कॉफी मेकरच्या पाण्याला कॉफीचा वास येतो. त्या पाण्याचा चहा तिने मागच्या एका सहलीत एक घोट घेऊन बेसिनमध्ये ओतला होता.

व्हिलांमध्येही बाथरूम मोजा. दोन बेडरूमच्या व्हिलेत सहसा दोन असतात. बे लेक टॉवर आणि अ‍ॅनिमल किंगडम लॉजच्या किडानी व्हिलेजमध्ये तीन आहेत. किडानीत तर बाल्कनीसमोर जिराफ चरत असतात, पण पार्कांना जायला फक्त बस. आमचा कागद दोनला परतणाऱ्या ताईसाठी होता, म्हणून बे लेक टॉवर घेतलं. ते काँटेम्पररीला पुलाने जोडलेलं आहे. मॅजिक किंगडमहून चालत दहाएक मिनिटं, नाहीतर मोनोरेलने पहिलाच थांबा. उलट जाताना मात्र मोनोरेल सगळा वळसा घालून नेते, तेव्हा सकाळी चालतच जावं. तिसऱ्या दिवशी ताई एकटी निघाली. पाव तासाने फोनवर मेसेज आला: "पोचले. चहा टाकलाय."

झोपायची व्यवस्था अशी: ताई-भावजी मोठ्या बेडरूममध्ये, मुलं स्टुडिओत, म्हणजे दुसऱ्या बेडरूममध्ये, आम्ही हॉलमधल्या सोफा-बेडवर. घेताना 'लॉक-ऑफ' प्रकार मागा. त्यात स्टुडिओला बाहेरून स्वतंत्र दार असतं. मुलं रात्री बारानंतर आली तरी आम्हाला पत्ता लागला नाही. डिलक्स आणि व्हिलांमधल्या पाहुण्यांना काही ठरावीक रात्री पार्कात जास्त वेळ थांबता येतं. मुलांनी ते पुरेपूर वसूल केलं. सकाळचा अर्धा तास आधी प्रवेश मात्र डिस्नेच्या सगळ्याच हॉटेलांना मिळतो. तेवढ्यासाठी महाग हॉटेल घेऊ नका. सोफा-बेडबद्दल माझ्या कमरेला विचारू नका.

व्हिला थेट डिस्नेकडून बुक केली तर महाग पडते. काही लोकांनी या व्हिलांत दरवर्षी राहण्याचा हक्क पॉइंटच्या रूपात विकत घेतलेला असतो; त्या मालकांकडून त्यांचे पॉइंट भाड्याने घेतले तर बरीच स्वस्त, पण रद्द केल्यास पैसे बहुधा परत मिळत नाहीत. सहापैकी एकाच्याही रजेची खात्री नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

सजावट, घसरगुंडीचा पूल, भिंतींवरची कार्टून यांना मी शून्य गुण देते. शांत पूल आहे का, बसायला बार आहे का, हे बघते. कोरोनाडो स्प्रिंग्ज या बाबतीत मोठ्यांचं हॉटेल आहे, फक्त वाहतूक बसची.

विमानतळावरून डिस्नेची फुकट बस २०२२ पासून बंद आहे. सहा जण असाल तर मोठी गाडी भाड्याने घेणं सोपं. डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलांत रात्रीचं पार्किंग फुकट आहे. व्हिलाची खोली चारला ताब्यात मिळते, तेव्हा सकाळचं विमान असेल तर एक जोड कपडे आणि गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा. आणि बुकिंग झालं की लगेच 'लिफ्टजवळची खोली' अशी विनंती नोंदवा. हमी कोणी देत नाही. आम्हाला मिळाली ती कॉरिडॉरच्या पार टोकाची. भावजींनी पावलं मोजून सांगितली, ८४.