इमॅक्समधील आज्ञांना नावे कशी द्यावीत

ग्नू इमॅक्स हा संपादक १९८५ पासून वापरात आहे आणि त्याचा मोठा भाग इमॅक्स लिस्प या भाषेत लिहिलेला आहे. या भाषेत नेमस्पेसची, म्हणजे प्रत्येक पॅकेजची नावे वेगळ्या कप्प्यात ठेवण्याची, सोय नाही. त्यामुळे मूळ संपादकातली, आपल्या स्वतःच्या फाइलमधली आणि बाहेरून बसवलेल्या पॅकेजांमधली सगळी फंक्शन्स एकाच यादीत नांदतात. दोन ठिकाणी एकच नाव आले, तर नंतर लोड झालेली व्याख्या आधीची मुकाट्याने पुसून टाकते. मी एकदा 'कॉपी-लाइन' असे मोघम नाव ठेवले होते. एका पॅकेजातही नेमके तेच निघाले आणि त्या आज्ञेला बांधलेली माझी कळ भलतेच काम का करते, हे शोधण्यात अख्खी दुपार गेली.

म्हणून आरंभ उपसर्गापासून करावा. पॅकेजसाठी एक छोटा शब्द निवडावा आणि त्यातील प्रत्येक जागतिक (म्हणजे सगळीकडून दिसणाऱ्या) नावाच्या आधी तो व एक हायफन लावावा. टिपणांच्या पॅकेजला 'पोथी' म्हटले, तर आज्ञा 'पोथी-ओपन', 'पोथी-सर्च' अशा होतील. शब्द पक्का करण्यापूर्वी ऑल्ट-एक्स (आज्ञा नावाने बोलावण्याची कळ) दाबून तो टंकावा, जुळणारी नावे पाहण्यासाठी टॅब दाबावी, आणि पॅकेजांच्या यादीतही तो कुणी घेतलेला नाही ना, हे पाहावे.

त्यानंतर आज्ञा कोणती आणि नुसते फंक्शन कोणते, हे ठरवावे. ज्या फंक्शनात 'इंटरॅक्टिव्ह' ही घोषणा असते, तेच आज्ञा ठरते आणि ऑल्ट-एक्सने बोलावता येते. केवळ आतल्या कामाच्या फंक्शनला दोन हायफन द्यावेत: 'पोथी--पार्स-लाइन'. भाषा अशा फंक्शनचा वापर अडवत नाही. हे नाव उद्या बदलू शकते, एवढीच ती खूण असते.

आता उरलेल्या नावाकडे वळावे, आणि येथे घाई करू नये. इमॅक्समध्ये 'किल' म्हणजे काढलेला मजकूर परत आणता यावा म्हणून किल-रिंगमध्ये ठेवणे. 'डिलीट' म्हणजे तो तेथे न ठेवता काढणे. 'किल-रीजन' आणि 'डिलीट-रीजन' यांत हाच फरक आहे, आणि आपल्या आज्ञेनेही तो पाळला पाहिजे. (बफर, म्हणजे संपादकात उघडलेला मजकूर, बंद करणारी 'किल-बफर' मात्र किल-रिंगमध्ये काहीच ठेवत नाही, जुन्या घरात अशा एक-दोन वाकड्या भिंती असायच्याच.) शब्द जोडून न लिहिता हायफनने तोडावेत, कारण 'क्यू-आर-आर' एवढेच टंकून टॅब दाबली, तरी 'क्वेरी-रिप्लेस-रेजेक्स्प' समोर येते. नाव सलग लिहिले, की ही सोय गेली.

काही शेवट राखीव समजावेत. होय किंवा नाही असे उत्तर देणाऱ्या फंक्शनच्या नावाअखेर 'पी' येतो: एकशब्दी नावाला चिकटून, जसे 'स्ट्रिंगपी', अनेक शब्द असल्यास हायफनने, जसे 'फाइल-एक्झिस्ट्स-पी'. मोड, म्हणजे संपादकाची एखादी खास कार्यपद्धती, सुरू करणाऱ्या आज्ञेचा शेवट '-मोड' असा करावा.

नाव चुकलेच, तर जुने एकदम काढू नये, कारण लोकांनी आपल्या फाइलींत त्याला कळा बांधलेल्या असतात. 'डिफाइन-ऑब्सोलीट-फंक्शन-अलियास' वापरून जुने नाव, नवे नाव आणि ज्या आवृत्तीपासून बदल झाला तिचा क्रमांक द्यावा. जुने नाव चालत राहते, बाइट-कंपायलर (लिस्प फाइलींचे जलद चालणाऱ्या रूपात भाषांतर करणारा भाग) ते वापरणाऱ्याला इशारा देतो, आणि ते कधीपासून नुसते सोयीखातर ठेवले आहे, हे पुढच्या माणसाला त्या क्रमांकावरून कळते.