लाईट गेली की लॅपटॉप आपोआप बंद व्हावा? मग या चुका टाळा

वैशाखात सांगलीला वळवाचा जोर असतो. चारच्या सुमाराला आभाळ भरून येतं, वारं सुटतं आणि पहिला थेंब पडायच्या आत लाईट जाते. मामांच्या हळदीच्या अडत दुकानात हिशेबाचा लॅपटॉप रात्रंदिवस चालू असतो, बाकीचे दोन कॉम्प्युटर त्याच्यावरूनच डेटा घेतात. दोन वर्षांपूर्वी अशाच एका वळवात रात्री लाईट गेली. जुनी बॅटरी अर्ध्या तासात संपली, लॅपटॉप चालता चालता बंद पडला आणि डेटाची फाईल खराब झाली. ऐन हंगामातल्या आठ दिवसांच्या पट्ट्या मामी आणि मी कागदावरून पुन्हा भरल्या.

आता लाईट गेली की पाच मिनिटांनी तो स्वतःच नीट बंद होतो. ही सोय विंडोजमध्येच आहे, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. पण ती बसवताना ज्या चुका मी केल्या, त्याच नंतर मार्केट यार्डातल्या इतरांकडेही दिसल्या.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो टास्क शेड्युलरमधल्या (ठरलेली घटना घडली की नेमलेलं काम, म्हणजे ‘टास्क’, आपोआप चालवणारा विंडोजचा प्रोग्रॅम; इथे लाईट गेली की शटडाऊन कमांड) एका टिकने. नवं टास्क केलं की त्याच्या ‘कंडिशन्स’ पानावर, कॉम्प्युटर एसी पॉवरवर असेल तरच टास्क सुरू करा, अशी अट आधीपासून लावलेली असते. तिच्याखाली दुसरी अट: बॅटरीवर गेला तर टास्क थांबवा. आपल्याला तर लाईट नसतानाच टास्क चालवायचंय! टास्क दिसतं अगदी बरोबर, कुठे चूक दाखवत नाही, आणि वेळ आली की हलत नाही. चार्जरची पिन काढल्यावर इव्हेंट व्ह्यूअरच्या (विंडोज घटनांच्या नोंदी ठेवतं ती वही) ‘सिस्टम’ लॉगमध्ये कर्नल-पॉवरची, म्हणजे वीजपुरवठा बदलल्याची, १०५ क्रमांकाची नोंद येते, पण टास्क सुरू होत नाही, असं असेल तर आधी या दोन टिका काढा. ‘जनरल’ पानावर युजर लॉगिन नसला तरी टास्क चालावं हा पर्यायही निवडा, कारण रात्री दुकानात लॉगिन करून कोणी बसलेलं नसतं.

दुसरी चूक याच १०५ नंबरची. ही नोंद लाईट गेल्यावर होते तशी आल्यावरही होते. नुसत्या नंबरवर टास्क बांधलं तर लाईट आली की लॅपटॉप बंद व्हायला लागतो आणि माणूस चक्रावतो. त्या नोंदीत ‘एसी-ऑनलाइन’ नावाची किंमत असते. टास्कच्या ट्रिगरमध्ये (टास्क कधी सुरू व्हावं ते ठरवणारी अट) कस्टम फिल्टर लावून ती ‘फॉल्स’ असेल तेव्हाच बंद करण्याचं टास्क चालवा, आणि ‘ट्रू’ झाली की शटडाऊन रद्द करणारं दुसरं टास्क ठेवा. शटडाऊन कमांडला स्लॅश ए (/a) दिलं की आधीचा हुकूम मागे घेतला जातो.

हे दुसरं टास्क लोक गाळतात आणि वर बंद होण्याआधीचा वेळ शून्य सेकंद देतात. आपल्याकडे लाईट नुसती जात नाही, ती ये-जा करते. दहा सेकंदांच्या झटक्याला सगळं दुकान बंद पाडायचं कशाला? मी स्लॅश टी (/t, थांबायचा वेळ सेकंदांत) पुढे ३०० दिलंय. मात्र एक ध्यानात ठेवा: शून्यापेक्षा जास्त वेळ दिला की विंडोज उघडे प्रोग्रॅम जबरदस्तीने बंद करतं. सेव्ह न केलेलं पत्र गेलं म्हणून समजा. ज्यांचं काम तसं आहे त्यांनी शटडाऊनऐवजी हायबरनेट वापरावं, त्यात उघडं काम डिस्कवर जसंच्या तसं राहतं. फक्त हायबरनेटच्या स्लॅश एच (/h) बरोबर स्लॅश टी चालत नाही.

झोपेचं गणितही बघा. बॅटरीवर पाच मिनिटांत स्लीप असं सेटिंग असेल आणि शटडाऊनला दहा मिनिटं दिली असतील, तर लॅपटॉप आधी झोपतो आणि शटडाऊन तसंच राहून जातं. २०१९ च्या पुरात कृष्णाकाठच्या वस्त्यांत दिवसेंदिवस लाईट नव्हती. अशा वेळी स्लीपमधला लॅपटॉप बॅटरी पार शून्यावर नेतो, बंद केलेला जवळपास आहे तिथेच ठेवतो.

इन्व्हर्टर असलेल्यांची गल्लत वेगळीच. मेन स्विच पाडतात, काहीच घडत नाही, आणि सेटिंग बिघडलं म्हणून पुन्हा खोदत बसतात. अहो, चार्जर इन्व्हर्टरच्या लाईनवर असेल तर लॅपटॉपला लाईट गेल्याचं कळणारच नाही! इन्व्हर्टरची बॅटरी संपली की मगच कळेल, आणि बहुतेकांना तेच हवं असतं. चाचणी घेताना भिंतीवरचं चार्जरचं बटण बंद करा.

लॅपटॉपच्या बॅटरीत किती दम उरलाय हेही आकड्यांत बघा. पॉवरसीएफजी कमांडचा बॅटरी रिपोर्ट मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता शेजारी शेजारी दाखवतो. बॅटरी दहा मिनिटंही तग धरत नसेल तर ३०० सेकंदांचे १२० करा.

लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात: यूडेव्हचा (लिनक्समध्ये चार्जर जोडला-काढला की ठरलेली कमांड चालवणारी सोय) नियम दुसरीकडून उचलताना अडॅप्टरचं नाव तपासा. कुठे ते एसी असतं, कुठे एडीपी१, कुठे एकॅड.

लाईट आल्यावर लॅपटॉप आपोआप सुरू होईल असं मात्र धरून चालू नका. काही मॉडेलांच्या बायॉसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीचं लॅपटॉपचं मूळ सेटिंग) चार्जर जोडला की चालू व्हायचा पर्याय असतो, पुष्कळांत नसतो. मामांच्या लॅपटॉपमध्ये नाही. सकाळी दुकान उघडून दिवा-उदबत्ती झाली की ते स्वतः बटण दाबतात.