मज्जासंस्थेचा आजार आणि बाळंतपणातली भूल: या चुका टाळा

फाइलवर मेंदूचा किंवा मणक्याचा आजार दिसला की ‘पाठीत सुई नको’ म्हणून हात झटकणं, ही चूक बघून मी वैतागले आहे. नुसतं आजाराचं नाव वाचून निर्णय होत नाही.

एका बाईंना जुन्या अपघातात छातीच्या वरच्या भागात मज्जारज्जूची इजा झालेली. छातीखाली संवेदनाच नाही, मग एपिड्युरल (पाठीत बारीक नळी ठेवून देतात ती भूल) कशाला, असं सगळ्यांनी धरून चाललेलं. कळा वाढल्या तसं डोकं ठणकू लागलं, चेहरा लालबुंद, कपाळावर घाम, नाडी मंद आणि बीपी भयंकर. गर्भारपणातलं बीपी समजून मॅग्नेशियमची, म्हणजे फिट टाळायच्या औषधाची, तयारीही झाली. मी मॉनिटरवरचे मागचे आकडे चाळले. कळ आली की बीपी चढत होतं, ओसरली की उतरत होतं. हा ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया. इजा टी-6 (छातीच्या भागातली सहावी पातळी) किंवा त्याच्या वर असेल, तर कळ बाईला जाणवली नाही तरी इजेखालच्या मज्जारज्जूला ती पोचते आणि रक्तवाहिन्या आवळल्या जातात. मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. एपिड्युरल चढली, बीपी उतरलं. अशा बाईला ती कळा वाढायच्या आधीच द्या, आणि लघवीची नळी तुंबलेली नाही ना, तेही बघा.

दुसरी चूक म्हणजे सुईआधी पायांची ताकद आणि संवेदना तपासून न लिहिणं. नवशिक्यांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. पण बाळाच्या डोक्याच्या दाबाने किंवा मांड्या फार वेळ दुमडून ठेवल्याने नस दबते, पाऊल लुळं पडतं आणि ठपका येतो सुईवर. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये (मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणाचा आजार) तर बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत आजार उचल खाण्याची शक्यता वाढते. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या अभ्यासात एपिड्युरलचा त्याच्याशी संबंध आढळला नाही. मी ही नोंद स्वतः करते, रेसिडेंटवर सोडत नाही.

मेंदूत गाठ असेल तर स्कॅन आणि न्यूरोसर्जनचं मत हातात आल्याशिवाय सुई उचलू नका. स्पायनलची (मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात देतात ती भूल) सुईच काय, एपिड्युरलची जाड सुईही चुकून त्या पाण्यात जाऊ शकते, आणि पाणी गळलं तर मेंदू खाली सरकू शकतो.

स्पायना बिफिडा (जन्मतः मणका नीट न जुळणं) असेल तर एमआरआय गर्भारपणातच करून घ्या.

मायस्थेनियात (स्नायू लवकर थकवणारा आजार) मॅग्नेशियम टाळा, त्यावरच्या पायरिडोस्टिग्मिन या गोळीची वेळ चुकवू नका.

फिटची गोळी कळांमध्येही चालू ठेवा.

आणि बाळंतपणानंतरची प्रत्येक डोकेदुखी सुईमुळे नसते. आडवं पडूनही थांबत नसेल किंवा फिट आली, तर मेंदूच्या शिरेत गुठळी आहे का ते त्याच दिवशी बघा.